कोणी न पाहिलेला अपघात: पहाटेची दूधफेरी, उभी ट्रॉली आणि एक दावा

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याचे आहे. अर्जदाराची वकील म्हणून मी ते पहिल्या भेटीपासून निवाड्यापर्यंत चालवले. व्यक्ती, गाव, कारखाना, पोलीस ठाणे आणि विमा कंपनी यांची नावे दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. अपघात घडताना पाहणारा एकही माणूस नसेल तर दावा उभा राहतो का, हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. या प्रकरणात तो शेवटपर्यंत आमच्यासमोर होता, म्हणून ते सविस्तर मांडत आहे.

पार्श्वभूमी

अर्जदार ३८ वर्षांचे. स्वतःच्या चार म्हशी, आणि आसपासच्या तीन वाड्यांवरचे दूध गोळा करून मोटारसायकलवरून संकलन केंद्रावर पोहोचवायचे, हा त्यांचा दहा-बारा वर्षांचा व्यवसाय. पहाटे साडेतीनला घर सोडायचे, शेवटच्या वाडीवरून साडेचारच्या सुमारास निघायचे आणि पाचपर्यंत केंद्रावर किटल्या उतरवायच्या, हा क्रम त्यांनी कधी चुकवला नव्हता.

जानेवारी २०२३च्या दुसऱ्या आठवड्यात, गळीत हंगाम ऐन भरात असताना, ते केंद्रावर पोहोचलेच नाहीत. पहाटे साडेपाचला सुटणाऱ्या पहिल्या एसटीच्या चालक-वाहकांना कालव्याच्या पुलाअलीकडे रस्त्याकडेच्या चारीत एक माणूस बेशुद्ध पडलेला दिसला. जवळच मोटारसायकल होती आणि डांबरावर दूध सांडलेले होते. वाहकाने १०८ क्रमांकावर फोन केला. त्या फोनची नोंद ५ वाजून ४६ मिनिटांची आहे. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी काय झाले असे विचारले, तेव्हा वाहकाने समोर दिसले त्यावरून सांगितले, की गाडी घसरून पडलेले दिसतात. हेच वाक्य ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर गेले, तिथून जिल्ह्याच्या ठिकाणच्या खासगी रुग्णालयाच्या कागदांत गेले आणि पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत ‘मोटारसायकल घसरून जखमी’ या नोंदीच्या रूपाने स्थिरावले. वाहकाच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे काहीच कारण नाही. त्याच्यामुळेच अर्जदार जिवंत आहेत. पण त्याच्या एका सद्भावी अंदाजाने पुढची दोन वर्षे आमचा पाठलाग केला.

डाव्या मांडीचे हाड आणि गुडघ्याची वाटी मोडली होती, आणि डोक्याला मार होता. सतराव्या दिवशी घरी सोडले तेव्हा त्यांना शेवटच्या वाडीवर किटली भरल्याचे आणि कालव्याच्या दिशेने वळल्याचे आठवत होते. त्यापुढचे थेट रुग्णालयातले आठवत होते. मधला भाग पुसला गेला होता आणि तो आजही परत आलेला नाही.

अडचण नेमकी कुठे होती

एकोणिसाव्या दिवशी त्यांची पत्नी आणि मेहुणा माझ्याकडे आले. त्यांचे म्हणणे असे, की बारा वर्षे त्याच रस्त्याने जाणारा माणूस कोरड्या सरळ रस्त्यावर घसरणार नाही, त्याला कोणीतरी उडवले आहे. पोलीस ठाण्यात त्यांना उत्तर मिळाले होते, ‘कोणी पाहिलं का? साक्षीदार आणा, मग गुन्हा नोंदवू.’

माझ्या दृष्टीने अडचणी दोन होत्या आणि त्या वेगळ्या ठेवणे गरजेचे होते. पहिली अशी, की दुसरे कोणतेही वाहन या अपघातात होते का, आणि असल्यास कोणते? दुसरी, ते वाहन होते हे ठरले तरी चूक कोणाची? माणसे बहुधा थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारतात आणि चुकीची गोष्ट सिद्ध करायला लागतात. कुटुंबाच्या मनात मागून धडक देऊन पळालेला ट्रक होता. मी त्याच दिवशी मोटारसायकल पाहायला गेले, तेव्हा हा ट्रक मनातून काढून टाकावा लागेल हे माझ्या लक्षात आले.

गाडी मेहुण्याच्या गोठ्यामागे ताडपत्रीखाली होती. घसरून पडलेल्या गाडीच्या खुणा एका अंगाला असतात. हँडलचे टोक, पायदान आणि सायलेन्सर खरवडलेले दिसतात. मागून धडक बसली असती तर मागचा दिवा, मडगार्ड आणि किटल्या अडकवायचा सांगाडा दबला असता. इथे सांगाडा शाबूत होता. दबला होता तो पुढचा भाग. पुढचे फोर्क इंजिनाकडे वाकले होते, चाकाची रिम लंबगोल झाली होती, हेडलाइट जागेवर नव्हता. आणि वाकलेल्या फोर्क व मडगार्डच्या सांध्यात उसाच्या कांड्याची दोन बोटे लांबीची सालपटे घट्ट दाबून बसली होती. वरचे टोक वाळून तपकिरी पडले होते आणि आतला भाग अजून पिवळसर होता. मडगार्डवर निळ्या रंगाचा एक ओरखडाही होता, पण आमच्याकडच्या निम्म्या ट्रॉल्या निळ्या असतात, म्हणून मी त्यावर फारसा भार दिला नाही.

मेहुण्याने त्या सकाळी सात वाजता गाडी उचलून आणली होती. पोलीस पंचनाम्याच्या आधी गाडी हलवणे ही चूकच होती. परंतु हलवण्यापूर्वी त्याने मोबाइलवर चार फोटो काढले होते. त्यांतल्या तिसऱ्या फोटोत, दुधाच्या डागापासून काही फुटांवर, विटेपेक्षा मोठे चार दगड दोन जोड्यांत ठेवलेले दिसत होते, जसे ते चाकाच्या पुढे-मागे लावतात. शेजारी लाकडी फळीचा एक तुकडा होता आणि त्याच्या मधोमध जॅकच्या बुडाचा गोल ठसा उमटलेला होता. भोवती उसाची वाढी, म्हणजे शेंड्याचा पाला, विखुरलेली होती. त्या ठिकाणी रात्री कोणीतरी उसाच्या ट्रॉलीचे चाक काढून बदलले होते, हे ऊसपट्ट्यातल्या कोणालाही तो फोटो पाहून कळले असते.

समोर असलेले पर्याय

या टप्प्यावर कोणता मार्ग धरायचा ते ठरवायचे होते, आणि हातात वेळ कमी होता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, १ एप्रिल २०२२नंतरच्या अपघातांसाठी कलम १६६(३) खाली दावा दाखल करण्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे.

पहिला पर्याय अर्जदारांच्या स्वतःच्या विमा पॉलिसीतील मालक-चालकाच्या व्यक्तिगत अपघात संरक्षणाचा होता. त्यात मृत्यू, हातपाय किंवा डोळा गमावणे अथवा कायमचे संपूर्ण अपंगत्व यांसाठीच रक्कम मिळते. मोडलेली मांडी आणि आखडलेला गुडघा त्यात बसत नव्हता. दुसरा पर्याय अज्ञात वाहनाच्या अपघातांसाठी असलेल्या योजनेचा. गंभीर दुखापतीला तिथे ५०,००० रुपये मिळतात आणि चूक सिद्ध करावी लागत नाही, पण वाहन खरोखर सापडत नसेल तरच तो रस्ता घ्यायचा असतो. केवळ रुग्णालयाचा खर्चच तीन लाखांवर गेला होता.

तिसरा पर्याय कलम १६४ खालच्या ठरावीक भरपाईचा. गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये, आणि वाहनचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. कुटुंबातल्या काहींना हा मार्ग सोपा वाटत होता. मी त्यांना दोन गोष्टी समजावल्या. निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नसला तरी त्या वाहनाचा अपघाताशी संबंध दाखवावाच लागतो, म्हणजे आमचा अवघड अर्धा भाग तसाच राहतो. शिवाय ही रक्कम समझोत्याच्या प्रक्रियेत स्वीकारली, तर कलम १६६ खालचा दावा संपुष्टात येतो.

उरला तो कलम १६६ खालचा पूर्ण दावा. त्यात वाहन शोधणे, चूक दाखवणे आणि उत्पन्नाचे नुकसान सिद्ध करणे, हे सगळे करावे लागणार होते. आम्ही हाच मार्ग धरला. पाच महिन्यांत वाहन सापडले नाही तर अज्ञात वाहनाच्या योजनेकडे वळायचे, असेही त्याच दिवशी ठरवून ठेवले.

साक्षीदार ‘देण्याचा’ प्रस्ताव

त्या आठवड्यात कुटुंबाचे एक दूरचे नातेवाईक माझ्याकडे आले. ते पहाटे वैरणीला जातात. शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, मी पाहिलं असं सांगतो. ट्रॅक्टरचा नंबर तुम्ही सांगा. माणूस तर खरंच जखमी झालाय ना, खोटं काय त्यात?’

या प्रश्नाला मी चिडून उत्तर दिले नाही, कारण तो वाईट हेतूने विचारलेला नव्हता. पोलीस साक्षीदार मागतात, गावात सगळे म्हणतात की साक्षीदाराशिवाय केस उभी राहत नाही, मग माणसे साक्षीदार उभा करतात. पण मी ठाम नकार दिला. शपथेवर खोटे बोलायला लावणे मला मान्य नाही, हे पहिले कारण आणि तेवढेच पुरेसे होते. तरीही कुटुंबाला पटावे म्हणून व्यवहाराचे कारणही सांगितले. विसाव्या दिवशी उगवलेल्या साक्षीदाराला पहिला प्रश्न हाच विचारला जातो, की तुम्ही पाहिले तर १०८ला फोन का केला नाही, चारीत पडलेल्या माणसाला तसेच सोडून का गेलात? तो साक्षीदार कोसळला की त्याच्याबरोबर फोटो, सालपटे आणि दगड हा सगळा खरा पुरावाही संशयाच्या छायेत येतो.

कायद्याची अपेक्षाही कुटुंबाला वाटत होती त्यापेक्षा वेगळी होती. फौजदारी खटल्यासारखा वाजवी संशयापलीकडचा पुरावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागत नाही. कोणती शक्यता अधिक संभवनीय आहे, एवढेच तोलले जाते. बिमलादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली हे स्पष्ट केले आहे. गोव्यातून गेलेल्या दुल्सिना फर्नांडिस प्रकरणात २०१३ साली तीच कसोटी लावली गेली. आणि अनिता शर्मा प्रकरणाच्या २०२०च्या निकालात, अमुक एक प्रत्यक्षदर्शी तपासला नाही म्हणून दोष काढत बसणे हे न्यायाधिकरणाचे काम नव्हे, असे सांगितले आहे. अर्जदारांच्या पत्नींनी हे सगळे ऐकून एकच विचारले, ‘म्हणजे नुसत्या दगडांवर केस चालेल?’ मी म्हटले, ‘ताई, नुसत्या दगडांवर नाही. दगड तिथे कोणी ठेवले ते शोधलं तर चालेल.’

पुरावा कसा जुळत गेला

पुलापासून दीड किलोमीटरवर एक पेट्रोल पंप आहे आणि त्याचा कॅमेरा रस्त्यावर रोखलेला आहे. आम्ही तिथे विसाव्या दिवशी पोहोचलो. तिथे पंधरा दिवसांचेच चित्रण राहत असे. त्यानंतर जुन्यावर नवे चढते. हे चित्रण मिळाले असते तर पुढचे निम्मे कष्ट वाचले असते.

मग मी मेहुण्याला एक साधे काम दिले. अपघाताच्याच वेळी, म्हणजे पहाटे चार ते साडेपाच, सलग काही दिवस पुलावर उभे राहायचे आणि त्या वेळेला रोज कोण जाते-येते त्याची नोंद करायची. पहाटेच्या रस्त्यावरची माणसे ठरलेली असतात. दुसऱ्याच पहाटे कालव्याचा पाटकरी, म्हणजे शेतांना पाणी सोडणारा कर्मचारी, भेटला. रब्बीची पाळी सुरू असल्याने तो रात्रभर दारांवर फिरत असे. त्याने अपघात पाहिला नव्हता. पण त्या रात्री चारच्या सुमारास पुलाअलीकडे, निम्मी डांबरावर अशी उसाने भरलेली ट्रॉली उभी होती, तिला ट्रॅक्टर नव्हता, दिवा नव्हता, मागे फांदीसुद्धा लावलेली नव्हती, आणि आपण सायकलवरून जाताना जवळ गेल्यावरच ती दिसली, एवढे त्याने सांगितले. ट्रॉली कोणाची ते त्याला माहीत नव्हते.

चाक काढले असेल तर ते पंक्चर काढायला कुठेतरी गेले असणार. कारखान्याच्या रस्त्यावर हंगामात रात्रभर उघडी असणारी तीन दुकाने आहेत. तिसऱ्या दुकानदाराने आधी काहीच आठवत नाही असे सांगितले, आणि ते समजण्यासारखे होते. ट्रॅक्टरवाले त्याचे रोजचे गिऱ्हाईक. त्याने वही उघडून दाखवली ती मेहुण्याच्या तिसऱ्या फेरीत. उधारीची ती लांबट वही होती. त्या तारखेखाली ट्रॅक्टरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, पुढे ‘ट्रॉली मागचे चाक, ट्यूब’ आणि बाकी रक्कम. पैसे रोख दिले गेले असते तर तो क्रमांक कुठेच लिहिला गेला नसता.

वहीचा फोटो घेऊन आम्ही थांबलो. ती वही मागून घेण्याचा मोह मी टाळला, कारण अर्जदाराच्या घरातून न्यायाधिकरणात आलेली वही आणि पोलिसांनी पंचनामा करून जप्त केलेली वही यांच्या वजनात फार अंतर असते. फोटो, पाटकऱ्याचे म्हणणे आणि वहीतली नोंद यांचा तपशील देऊन पोलीस निरीक्षकांकडे लेखी तक्रार दिली. आठवडाभर हालचाल झाली नाही, तेव्हा तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवली. अपघातानंतर एक्केचाळिसाव्या दिवशी ट्रॅक्टरचालकावर भारतीय दंड संहितेच्या कलम २७९, २८३, ३३७ व ३३८ खाली आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली गुन्हा नोंदला गेला. कलम १२२ धोकादायक स्थितीत वाहन रस्त्यावर सोडण्याबद्दल आहे. नंतर वही जप्त झाली आणि मोटार वाहन निरीक्षकाने मोटारसायकलची तपासणी केली. अहवालात पुढच्या भागाचे नुकसान नोंदले गेले, सालपटे पाकिटात घालून सीलबंद झाली, आणि ब्रेकमध्ये दोष नसल्याचेही लिहिले गेले.

सर्वांत भक्कम दुवा कारखान्याच्या वजनकाट्याचा होता. कारखान्याने आम्हाला खासगीत माहिती देण्यास नकार दिला होता. जून २०२३मध्ये, मुदत संपण्यापूर्वी तीन आठवडे, आम्ही दावा दाखल केला आणि न्यायाधिकरणाच्या कलम १६९ खालच्या अधिकारात काट्याच्या नोंदी मागवण्याचा अर्ज दिला. नोंदी आल्या. त्या पंधरवड्यातल्या प्रत्येक खेपेला या ट्रॅक्टरच्या दोन्ही ट्रॉल्या जोडीनेच काट्यावर आल्या होत्या. फक्त त्या पहाटे पहिली ट्रॉली ४ वाजून १० मिनिटांनी आली आणि दुसरी ६ वाजून २५ मिनिटांनी. म्हणजे मागची ट्रॉली वाटेत सोडून चालक पुढे गेला, वाटेत चाक दुकानात टाकले, पहिली ट्रॉली रिकामी करून परत आला, चाक बसवले आणि दुसरी ट्रॉली घेऊन गेला. शेवटच्या वाडीवरच्या दूध मोजल्याच्या वहीत ४ वाजून ३० मिनिटांची नोंद होती, आणि १०८ची नोंद ५ वाजून ४६ मिनिटांची. अर्जदार पुलाजवळ पोहोचले तेव्हा ट्रॉली तिथे होती, आणि एसटी आली तेव्हा नव्हती. चालक परतला तेव्हा चारीत पडलेला माणूस त्याला दिसला होता की नाही, हे तोच जाणे. सांडलेले दूध दिसले नाही, असे म्हणणे मला कठीण जाते.

सुनावणी

माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने तयार केलेल्या प्रतिज्ञापत्राच्या पहिल्या मसुद्यात अर्जदारांच्या तोंडी ‘समोर अचानक ट्रॉली दिसली, मी ब्रेक दाबला’ अशी वाक्ये आली होती. अशी वाक्ये वकिलांच्या हाताला इतकी सवयीची झालेली असतात, की ती नकळत उतरतात. मी ती खोडली. प्रतिज्ञापत्रात एवढेच ठेवले, की वळणापर्यंतचे आठवते, पुढचे आठवत नाही. सोबत मेंदूच्या इजेबाबत आणि त्यातून येणाऱ्या विस्मृतीबाबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष घेतली.

ट्रॅक्टरच्या विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत तोच धागा पकडला. तुम्हाला काहीच आठवत नाही, तर ट्रॉलीला धडक बसली हे तुम्ही कशावरून म्हणता, असा प्रश्न आला. अर्जदार म्हणाले, ‘मला आठवत नाही साहेब. मी तसं म्हणतच नाही. गाडी बघा, ती सांगेल.’ हे उत्तर आम्ही शिकवलेले नव्हते. त्यानंतर त्यांना त्या विषयावर पुढचा प्रश्न आला नाही.

केसपेपरवरची ‘घसरून पडले’ ही नोंद कंपनीने लावून धरली. त्यावर उपाय म्हणून एसटीच्या वाहकाला साक्षीला बोलावले. पडताना आपण पाहिले नाही, दिसले त्यावरून अंदाजाने सांगितले, हे त्याने सरळ मान्य केले. पाटकरी आणि पंक्चरवाला यांनीही आपण अपघात पाहिला नाही हे आधी सांगितले आणि मग जेवढे पाहिले तेवढे सांगितले. मोबाइलमधल्या फोटोंसाठी मेहुण्याने भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब खालचे प्रमाणपत्र दिले. १ जुलै २०२४ला नवा साक्ष अधिनियम लागू झाला, पण आमचा दावा आधीपासून प्रलंबित असल्याने जुनाच कायदा लागू राहिला. ट्रॅक्टरचालक साक्षीला आलाच नाही. ट्रॉली तिथे कशी आणि किती वेळ उभी होती हे ज्याला स्वतःला ठाऊक आहे त्याने पिंजऱ्यात येण्याचे टाळले, तर त्याचा अर्थ त्याच्याविरुद्ध घेता येतो, हा मुद्दा मी अंतिम युक्तिवादात सर्वांत आधी मांडला.

निकाल

२०२५च्या सुरुवातीला निवाडा झाला. मोटारसायकल उभ्या ट्रॉलीवर आदळली हीच अधिक संभवनीय शक्यता आहे, असे न्यायाधिकरणाने मानले. दिवे, परावर्तक किंवा कसलीही खूण न ठेवता भरलेली ट्रॉली रस्त्यावर सोडल्याबद्दल चालकाला मुख्यतः जबाबदार धरले. मात्र अर्जदारांच्याही हेडलाइटच्या उजेडात ट्रॉली दिसायला हवी होती, असे म्हणून त्यांच्यावर २० टक्के जबाबदारी टाकली. अर्चित सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली, रस्त्यात बिनदिव्याने उभ्या टँकरवर आदळलेल्या मोटारीच्या चालकाला अंशतः जबाबदार धरण्यास नकार दिला होता. मी तो निकाल दाखवला, पण तिथे प्रत्यक्षदर्शी होते आणि इथे नाहीत, या फरकावर आमचे म्हणणे अडले.

उत्पन्नाबाबत आम्ही दर दहा दिवसांच्या दूधबिलांचे दोन वर्षांचे गठ्ठे दिले होते. त्यांतून खर्च वजा करून महिना १२,००० रुपये धरले गेले. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी व्यक्तीला भविष्यातील वाढीचे ४० टक्के, वयानुसार १५चा गुणक (म्हणजे किती वर्षांचे उत्पन्न धरायचे तो आकडा) आणि कमाईच्या क्षमतेतील ४० टक्के घट, असा हिशेब होऊन त्या शीर्षाखाली १२,०९,६०० रुपये आले. ही घट ठरवताना राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१०च्या निकालाचा आधार घेतला गेला. अपंगत्वाच्या दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा न उचलता, त्या माणसाच्या कामावर त्याचा काय परिणाम होतो ते पाहायचे, असे तो निकाल सांगतो. औषधोपचार ३,१८,०००, उपचारकाळातील बुडालेले उत्पन्न ७२,०००, वेदनांपोटी एक लाख, देखभाल-आहार-प्रवासाचे ५०,००० आणि जीवनातील सुख हरपल्याबद्दल ७५,००० मिळून एकूण १८,२४,६०० रुपये झाले. त्यातून २० टक्के वजा होऊन १४,५९,६८० रुपये आणि दाव्याच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याज मंजूर झाले. मागची ट्रॉली पॉलिसीत नमूद नव्हती, म्हणून कंपनीने आधी रक्कम भरावी आणि नंतर ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करावी, असा आदेश झाला. रक्कम जमा झाली असून तिचा निम्मा भाग मुदत ठेवीत आहे.

अर्जदार आता काठीशिवाय चालतात, पण गुडघा पूर्ण वाकत नाही आणि किटल्या लावलेली गाडी पेलत नाही. ज्या संकलन केंद्रावर ते दूध घालत, तिथेच ते आता दुधाचे फॅट मोजायला बसतात.

काय वेगळे करता आले असते

कुटुंबाने रुग्णालयातून सोडेपर्यंत वाट पाहिली, हे माणूस म्हणून मला पूर्ण समजते. पण घरातला एक जण तिसऱ्या-चौथ्या दिवशी जरी एखाद्या वकिलाकडे किंवा त्या पंपावर गेला असता, तरी चित्रण हाती लागले असते. रुग्णालयातली नोंदही त्याच काळात सुधारता आली असती. मूळ नोंद खोडायची नसते, पण नातेवाइकांनी लेखी अर्ज देऊन, अपघाताचे कारण सांगणारी व्यक्ती प्रत्यक्षदर्शी नव्हती, एवढे कागदावर आणून ठेवले असते तर वाहकाला दीड वर्षाने जिल्ह्याला बोलवावे लागले नसते.

पोलीस अधीक्षकांकडे जायला मी आठवडाभर थांबले. त्या आठवड्यात ट्रॉलीला मागून नवे परावर्तक चिकटवले गेले आणि मागच्या आडव्या पट्टीवर रंगाचा हात फिरला. ट्रॉली तपासली गेली तेव्हा तिच्यावर धडकेची खूण शोधण्यात अर्थ उरला नव्हता. तक्रारीबरोबरच, वाहन आहे त्या स्थितीत तपासावे, अशी स्वतंत्र लेखी विनंती मी पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती.

सर्वांत जास्त रुखरुख लागते ती हेडलाइटची. १ एप्रिल २०१७पासून दुचाकींना गाडी सुरू असताना आपोआप पेटणारा हेडलाइट सक्तीचा आहे, पण अर्जदारांची गाडी २०१४ची होती, तिला बटण होते. त्यामुळे दिवा बंद होता असे कंपनीला सुचवता आले. जुन्या पद्धतीच्या बल्बमध्ये याचे उत्तर दडलेले असते. धडक बसते त्या क्षणी दिवा पेटलेला असेल तर तापलेली तार ताणली जाऊन वेडीवाकडी होते, आणि बंद असेल तर ती थंड तार ताणल्याशिवाय तुटते. जाणकाराने बल्ब पाहिला असता तर २० टक्क्यांचा प्रश्न कदाचित आलाच नसता, आणि ते २० टक्के म्हणजे ३,६४,९२० रुपये होते. मी गोठ्यामागे गाडी पाहिली तेव्हा हेडलाइटच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या. मी विचारले, तर मेहुणा म्हणाला, काच लहान मुलांच्या पायाला लागेल म्हणून फुटका दिवा होल्डरसकट काढून उकिरड्यावर टाकला. आम्ही दोघांनी त्या दुपारी उकिरडा उकरून पाहिला. वरचा थर चार दिवसांपूर्वीच ट्रॅक्टरने शेतात पसरला गेला होता.